ब्रेकबाईंचा घरचा शिकाऊ

गावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला ब्रेकबाईंनी शिकवलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना, त्यांच्या मते, कोणीच शिकवलं नव्हतं.

हे नाव त्यांना शिकाऊ लोकांनीच दिलेलं. त्यांच्या शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकाऊच्या पायाखाली आणि दुसरा शेजारी बसणाऱ्या बाईंच्या. शिकाऊ चुकला की बाई आधी मोठ्यांदा "ब्रेक!" म्हणायच्या. त्याने नाहीच दाबला, तर मग स्वतः दाबायच्या. मधे एक श्वासभर थांबायच्या. "तो श्वास तुमचा," त्या सांगायच्या. "तेवढ्यात पाय गेला तर तुम्ही शिकलात. नाही गेला, तर मी आहेच." आवाज असा खणखणीत की रस्त्यावरून चालणारी माणसंही कधीकधी जागच्या जागी थबकायची.

घरात मात्र दिव्याखाली अंधार होता. बाईंच्या यजमानांना गाडी येत नव्हती. त्यांचं बाजारपेठेत चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी बाईंनी त्यांना शिकवायला घेतलं होतं. चष्मेवाल्यांनी गाडी सुरू केली, ती रडतखडत दुसऱ्या गिअरपर्यंत आली, आणि भाजीच्या दुकानासमोर रचलेल्या बटाट्याच्या पोत्यांत जाऊन थांबली. त्यावर बाई जे बोलल्या ते शिकाऊला बोलतात तसलं नव्हतं, नवऱ्याला बोलतात तसलं होतं. दोघं घरी चालत आले ते रस्त्याच्या दोन कडांनी. त्यानंतर हा विषय घरात कधी निघाला नाही. चष्मेवाले दुकानात पायी जायचे, बाहेरगावच्या कामाला बसने जायचे, आणि दोघांना मिळून कुठे जायचं असलं की मांडीवर पिशवी घेऊन बायकोच्या शेजारी मुकाट बसायचे. लोक गंमत करायचे, "दुसऱ्यांना नजर देता आणि स्वतःला रस्ता दिसत नाही होय?" चष्मेवाले हसायचे आणि समोरच्याच्या नाकावरचा चष्मा सरळ करायचे.

असा त्यांचा संसार सुरळीत चालला होता. लेक शिकून दूरच्या शहरात नोकरीला लागली, तिथेच संसाराला लागली. आणि मग एके वर्षी बाईंच्या पायांना सूज यायला लागली.

आधी त्यांनी बुटांना दोष दिला. मग उन्हाला दिला. एका सकाळी पाय बुटात जाईचना, तेव्हा त्या नवऱ्याच्या मोठ्या चपला घालून शिकवायला निघाल्या. चष्मेवाल्यांनी दारातच त्यांना अडवलं आणि थेट डॉक्टरांकडे नेलं. म्हणजे गाडी बाईंनीच चालवली, पण नेलं त्यांनी. तपासण्या झाल्या. दोन्ही मूत्रपिंडं जवळपास निकामी झाली होती.

"आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं रक्त मशीनमधून फिरवून साफ करून परत शरीरात सोडायचं."

"किती वेळ लागतो?"

"चार तास."

बाईंनी मनात हिशेब केला. "म्हणजे सकाळी तिकडे, आणि दुपारचे शिकाऊ घेता येतील."

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "दुपारी तुम्ही झोपाल, बाई. आणि एक सांगून ठेवते, इकडे येताना हवं तर गाडी चालवा. घरी जाताना नाही. मशीननंतर रक्तदाब कधी खाली येईल सांगता येत नाही."

हॉस्पिटल होतं टेकडीपलीकडच्या मोठ्या शहरात. गावाबाहेर पडलं की पूल, पुलानंतर टेकडीचा वळणावळणाचा रस्ता, मग उतार, मोठा चौक आणि चौकाच्या पुढे ती पांढरी इमारत. बाईंना या रस्त्याचा खड्डान्‌खड्डा पाठ होता. शिकाऊंना चढावर गाडी उभी करून पुन्हा उचलायला त्या इथेच आणायच्या. तेव्हा डॉक्टरांचं बोलणं त्यांनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

हातावर छोटी शस्त्रक्रिया झाली. सुया टोचायला सोपं जावं म्हणून दोन रक्तवाहिन्या जोडल्या होत्या. त्यावर बोट ठेवलं की आत घरघर जाणवायची. बाईंनी नवऱ्याचा हात धरून तिथे ठेवला. "बघा, इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवलंय." चष्मेवाल्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, आणि मग हळूच पुन्हा ठेवला.

सुरुवातीचे काही दिवस बाई स्वतःच चालवत गेल्या आणि स्वतःच चालवत आल्या. चष्मेवाले शेजारी पिशवी घेऊन. चार तास ते वॉर्डबाहेरच्या बाकावर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे वाकडे चष्मे मनातल्या मनात सरळ करायचे. पुढे दुकान बंद ठेवणं परवडेना, तेव्हा बाईच म्हणाल्या, "तुम्ही बसून काय करता? मी काय लहान आहे? जाईन नि येईन."

गेल्या. येताना मात्र, चौक ओलांडून चढ सुरू झाला आणि समोरच्या रस्त्याच्या कडा एकदम वितळल्यासारख्या दिसायला लागल्या. कपाळावर गार घाम आला. बाईंनी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. हे सगळं हातांनी आपोआप केलं. मग त्यांनी डोकं मागे टेकवलं आणि घाबरल्या. इतक्या वर्षांत गाडीत बसून त्या पहिल्यांदाच घाबरल्या होत्या.

फोन केल्यावर चष्मेवाले बसने आले. धापा टाकत चढ चढून आले आणि शेजारच्या सीटवर बसले. बाईंनी थोडी साखर तोंडात टाकली होती, रंग परत आला होता, पण पुन्हा गाडी चालवण्याची त्यांची हिंमत नव्हती. आणि हिंमत आहे असं खोटं बोलण्याइतक्या त्या मूर्ख नव्हत्या.

अशी दोघं कडेला बसून राहिली. गाडी धडधाकट, टाकी भरलेली, घर टेकडीच्या पलीकडे. एकीला येत होतं पण चालवायचं नव्हतं, दुसऱ्याला चालवायचं होतं पण येत नव्हतं. बाजूने ट्रक गेले, बस गेली, ज्या बसने ते आले होते तीच परतीच्या वाटेला लागली.

"काय शोभा झाली," बाई म्हणाल्या.

चष्मेवाले समोरच्या काचेवरचा एक डाग रुमालाने पुसत बसले.

शेवटी बाईंचाच एक जुना शिकाऊ तिकडून जात होता. त्याने गाडी ओळखली, थांबला आणि त्यांना घरी सोडलं. वाटेत बाईंनी त्याला दोनदा टोकलं.

त्यानंतर त्यांनी हट्ट सोडला. आयुष्यभर दुसऱ्यांना थांबायला शिकवायचं आणि आपल्याला थांबता येऊ नये, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. हॉस्पिटलची एक व्हॅन होती, पेशंटना घरून आणायची आणि परत सोडायची. बाई त्या व्हॅनने जायला लागल्या.

व्हॅन म्हणजे वरातच होती. एकाला इकडून घ्या, दुसऱ्याला तिकडून. बाईंचं गाव सगळ्यात लांब, म्हणून त्यांना सगळ्यात आधी उचलायचे आणि सगळ्यात शेवटी सोडायचे. मशीनवर चार तास आणि व्हॅनमध्ये जवळपास तितकेच. त्यातून ड्रायव्हरचा पाय कायम क्लचवर. घासल्याचा वास बाईंच्या नाकात जायचा आणि त्यांचा जीव वरखाली व्हायचा.

"दादा, क्लचवरचा पाय काढा हो."

"मावशी, तुम्ही पेशंट ना? पडून राहा की."

"पडूनच आहे. नाक उघडं आहे."

व्हॅनमधली माणसं हसायची. त्यातले नळवाले बाईंचे खास दोस्त झाले. नळवाले म्हणजे नळदुरुस्तीची कामं करणारे, रुंद खांद्यांचे म्हातारे गृहस्थ. वॉर्डात त्यांचा पलंग बाईंच्या शेजारीच होता. "जन्मभर लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे केले," ते म्हणायचे, "आणि माझाच तुंबला. आता या मशीनला म्हणतो, ये बाबा, आता तू नळवाला." पण कधीकधी त्यांचा पलंग रिकामा असायचा. त्यांचं घर आडबाजूला, व्हॅन भरली की त्यांना वगळून निघायची. मुलगा परगावी, घरी एकटी सून. मशीन चुकलं की पुढच्या वेळी नळवाले सुजलेले, धापा टाकत यायचे आणि त्या दिवशी विनोद करायचे नाहीत.

लेक फोनवर रोज सांगायची, "आई, तू इकडे ये बघू राहायला. इथे हॉस्पिटल घरासमोर आहे."

"आणि तुझ्या बाबांचं दुकान?"

"बाबांनाही घेऊन ये."

"दुकान पण उचलून आणू का?"

मग एका दुपारी बाजारातल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाचा फोन आला. तोही मूळचा बाईंचाच शिकाऊ. पुढे त्याने आपलं स्कूल काढलं, पण बाईंसमोर अजून उभं राहून बोलायचा. फोनवरसुद्धा उभाच असावा.

"बाई, कसं सांगू कळत नाही. आज सकाळी माझ्याकडे नाव घालायला कोण आलं असेल?"

"कोण?"

"तुमचे यजमान."

बाईंच्या हातातला रिसीव्हर जड झाला. संध्याकाळी चष्मेवाले दुकान बंद करून घरी आले, तर बाई दारातच खुर्ची टाकून बसलेल्या.

"गावातली माणसं रांग लावून माझ्याकडे शिकली," त्या म्हणाल्या, "आणि माझा नवरा पैसे देऊन शेजारच्या स्कूलमध्ये जाणार? लोक काय तोंडात शेण घालतील माझ्या!"

चष्मेवाल्यांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. "सोनारानेच कान टोचावे लागतात, असं म्हणतात."

"मी कोण आहे मग? लोहार?"

"तू बायको आहेस." ते समोर पायरीवर बसले. "हे बघ, मला शिकायचंय. त्या दिवशी चढावर मी तुझ्या शेजारी बसलो होतो ना, तेव्हाच ठरवलं. पण तू शिकवणार असशील तर गाडीत मला नवरा म्हणून बसवायचं नाही. शिकाऊ म्हणून बसवायचं. शिकाऊशी बोलतेस तसं बोलायचं."

बाईंनी खुर्ची जरा पुढे ओढली. हा माणूस साठी उलटल्यावर हे म्हणत होता. "आणि तुम्ही मला काय म्हणणार?"

"बाई."

मशीन नसलेल्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, शिकवणी सुरू झाली. गाडीबाहेर "अगं" आणि "अहो", गाडीच्या आत "बाई" आणि "शिकाऊ". दार लागलं की संसार बाहेर राहायचा.

शिकाऊ विचित्र होता. बाईंनी घाबरट बघितले होते, धसमुसळे बघितले होते, शहाणेही बघितले होते. असा बघितला नव्हता. आरसे जुळवायलाच याला इतका वेळ लागायचा की बाईंना जांभई यायची. केसभर इकडे, केसभर तिकडे, मग मान कलती करून पुन्हा तपासायचे, जसं काही आरशाचा नंबरच काढायचा आहे. पण एकदा जुळले की याला सगळं दिसायचं. दूरच्या गल्लीतून निघणारी सायकल, थांबलेल्या गाडीचं उघडू घातलेलं दार. बाईंनी "ब्रेक" म्हणायला तोंड उघडावं आणि याचा पाय आधीच तिथे असावा. अडचण उलटीच होती. रस्ता मोकळा असला तरी पाय तिथून निघतच नसे.

"आता कशाला थांबलात, शिकाऊ?"

"ती बाई रस्ता ओलांडेल."

"ती दुकानात पाव घेतेय!"

"घेऊन झाला की ओलांडेल ना, बाई."

असंच एकदा भाजीच्या दुकानापाशी गाडी आली. दुकान आता मोठं झालं होतं, काचेचं दार लागलं होतं. चष्मेवाल्यांनी गाडी थांबवली. मागे कोणी नव्हतं, पुढे कोणी नव्हतं.

"बटाट्यांना घाबरलात का?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. नियम मोडला होता, हे बायकोचं बोलणं होतं.

चष्मेवाले समोर बघतच म्हणाले, "त्या दिवशी पोत्यांच्या मागे भाजीवाली बसली होती."

"कुठे?"

"खाली. निवडत बसली होती. तुला पोती दिसली. मला पोत्यांच्या फटीतून ती दिसली. पोती घसरून तिच्या पायांपाशी आली. अजून हातभर गेली असती गाडी तर…" त्यांनी स्टिअरिंगवरची पकड सैल केली. "मला गाडीची भीती कधीच नव्हती गं."

बाईंना वाटलं, इतकी वर्षं आपण याच माणसाला भित्रा म्हणत आलो, पाहुण्यांसमोर, लेकीसमोर. त्यांच्या मनात बरंच काही आलं. पण गाडीत संसार आणायचा नाही असं ठरलं होतं, आणि तो नियम पुन्हा मोडून चालणार नव्हता.

"शिकाऊ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ज्याला पोत्यामागचं माणूस दिसतं, त्यानेच गाडी चालवावी. पहिला टाका."

चष्मेवाल्यांनी पहिला टाकला.

परीक्षेत पहिल्यांदा ते नापास झाले. परीक्षक म्हणाला, "काका, तुम्ही सगळ्यांना जाऊ देता. आपलीही पाळी असते." दुसऱ्यांदा ते आपली पाळी आल्यावर निघाले आणि पास झाले. बाईंनी त्या दिवशी व्हॅनच्या ड्रायव्हरला सांगितलं, "दादा, पुढच्या खेपेपासून माझी सीट नळवाल्यांना द्या." ड्रायव्हरने सुटकेचा श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला.

आता जाताना बाई चालवायच्या आणि येताना चष्मेवाले. दुकान मशीनच्या दिवशी दुपारनंतर उघडायचं, गिऱ्हाइकांनाही सवय झाली. येताना बाई पट्टा लावून शेजारी बसायच्या, सुईच्या जागेवर पट्टी, डोळे अर्धे मिटलेले, पण जीभ जागी. "तिसरा टाका. आता दुसरा. वळणाच्या आधी, वळणात नाही. आरसा बघितला?" चष्मेवाले सांगितलं तसं करायचे. त्या टोकण्याचा त्यांना राग यायचा नाही, आणि बाईंनाही वाटायचं, आपण सांगतो म्हणून गाडी चालली आहे.

मग तो दिवस आला.

डायलिसिसच्या सकाळी रक्तदाबाची गोळी घ्यायची नाही, मशीननंतर घरी गेल्यावर घ्यायची, असं सिस्टरने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. त्या सकाळी बाईंना डोकं जड वाटलं. त्यांनी आपलं आपण ठरवलं आणि गोळी घेऊन टाकली. कोणाला सांगितलं नाही. मशीन नेहमीसारखं झालं. शेवटी रक्तदाब जरा कमी होता, सिस्टर म्हणाली, "थोडं बसा, बाई." बाई थोडं बसल्या, मग घड्याळ बघून उठल्या. "बरी आहे मी. यांना दुकान उघडायचंय."

चौक गेला. चढ लागला. "दुसरा टाका," बाई म्हणाल्या. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाआधी त्यांना "आरसा" म्हणायचं होतं आणि शब्द सापडेना. जीभ जड झाली होती. कानांत गुंई आवाज सुरू झाला, उजेड पिवळा पडला, मग राखाडी.

"बाई, पुढे ट्रक आहे, मागेच राहू ना?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

उत्तर आलं नाही.

"बाई?" मग एकदम, "अगं!"

बाईंना ऐकू येत होतं. लांबून, विहिरीच्या तळातून ऐकावं तसं. बोलता येत नव्हतं. त्यांना कळलं की गाडी सावकाश कडेला जाते आहे, थांबते आहे. हँडब्रेकचा करकर आवाज झाला. त्यांच्या सीटची पाठ आडवी झाली. त्यांचे पाय कोणीतरी उचलून पिशवीवर ठेवले. सिस्टरने वॉर्डबाहेर बसणाऱ्या नातेवाइकांना हे शिकवलं होतं, आणि तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, माझ्यावर वेळ येणार नाही. पाय वर गेले तसा आपल्या बाजूचा ब्रेक आपल्या पायांपासून लांब गेला, हेही त्यांना कळलं.

"हॉस्पिटल जवळ आहे," चष्मेवाले म्हणाले. बाईंना सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. "घर लांब आहे. परत फिरायचं."

बाईंना म्हणायचं होतं, इथे नका वळवू, पुढे पंक्चरच्या दुकानासमोर मोकळी जागा आहे, तिथे वळवा. ओठ हलले नाहीत. गाडी निघाली. इंजिनचा आवाज वर चढला, एक क्षण लटकला आणि क्लच इतक्या अलगद सुटला की धक्का लागला नाही. थोडं पुढे जाऊन गाडी सपाट जागी आली. खडीचा चुरचुर आवाज. म्हणजे पंक्चरवाल्याचं अंगण. याला आठवलं. एकदा मागे, एकदा पुढे, बस.

मग उतार. डोळे मिटून बाई फक्त ऐकत होत्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचं चालवणं डोळ्यांनी, पायांनी, दातओठ खाऊन तपासलं होतं. आता कानांशिवाय काही हाताशी नव्हतं. वळणाच्या आधी गिअर खाली आला, वळणात नाही. वळण संपल्यावर वर गेला. हा माणूस पाय ब्रेकवर ठेवून बसला नव्हता, गाडीला गिअरवर उतरू देत होता, उतारावर उतरावी तशी. चौकात तो थांबला नाही. कोणाला तरी त्याने हॉर्न दिला, दोनदा, आणि निघाला. बाईंच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्रासाचं होतं की कशाचं, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही त्यांनी ठरवलं नाही.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आलं. सलाइन लागलं. थोड्या वेळाने राखाडी उजेड पुन्हा पांढरा झाला आणि त्यात सिस्टरचा रागावलेला चेहरा दिसला.

"बाई, खरं सांगा. सकाळी गोळी घेतलीत ना?"

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. चष्मेवाले पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. सदरा घामाने भिजलेला, स्वतःचा चष्मा नाकावर वाकडा.

"घेतली," बाई म्हणाल्या. "माझीच चूक. मला वाटलं, मला कळतं."

सिस्टरने जे काय सुनावायचं ते सुनावलं. डॉक्टरांनी येऊन त्यात भर घातली. बाईंनी मान खाली घालून सगळं ऐकलं. चष्मेवाले एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

संध्याकाळी सोडलं तेव्हा दोघं गाडीत बसले. दार लागलं. चष्मेवाल्यांनी आरसे तपासले, केसभर इकडे, केसभर तिकडे. बाई गप्प. गाडी निघाली, चौक आला, चढ आला. बाई गप्पच.

"काय झालं?" शेवटी चष्मेवाल्यांनीच विचारलं. "बरं वाटत नाही का पुन्हा?"

"बरं वाटतंय."

"मग सांगत का नाहीस काही? गिअर, आरसा…"

"शिकवून झालं माझं," बाई म्हणाल्या. "आता तुमचं तुम्ही बघा." आणि जरा थांबून, "त्या भाजीवालीचं आधी सांगायला हवं होतं तुम्ही. इतकी वर्षं मी भलतंच बोलत राहिले."

"तूही कधी विचारलं नाहीस."

"नाही विचारलं," बाई म्हणाल्या. दोघांनाही तेवढं पुरलं.

पण शिकवून झालं हे काही खरं नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पुढच्याच आठवड्यात नळवाल्यांचा पलंग पुन्हा रिकामा दिसला. व्हॅन बिघडली होती. बाईंनी मशीनवर पडल्यापडल्याच त्यांच्या सुनेला फोन लावला.

"तुमच्या घरी गाडी आहे ना? मुलाची?"

"आहे, पण ते परगावी असतात. ती नुसती उभीच आहे. मला चालवता येत नाही."

"येत नाही म्हणजे काय? अजून आलेली नाही. परवा सकाळी या."

"पण माझ्याकडून होईल का, बाई? मला सायकलसुद्धा जमत नाही."

"माझ्या घरी एक आहेत, त्यांच्याकडून झालं. तुमचं काय घेऊन बसलात?"

सून आली. धसमुसळी होती, सुसाट होती. पहिल्याच दिवशी बाईंना दोन्ही पायांनी ब्रेक दाबावा लागला. पण तिला परीक्षा पहिल्यांदाच जमली. तिच्यामागून वॉर्डातल्या आणखी एका आजोबांचा जावई आला, मग एका बाईंची बहीण. मशीन नसलेल्या दिवशीच्या सकाळी पुन्हा भरल्या. बाई आता पूर्वीइतक्या ओरडत नसत, तितका दम उरलाही नव्हता. आणि नळवाल्यांचा पलंग रिकामा राहणं बंद झालं. सून त्यांना इतक्या वेगात आणून सोडायची की ते वॉर्डात शिरताना म्हणायचे, "आधी बीपी बघू नका. थोडं बसू द्या."

सुटीत लेक घरी आली. आईला मशीनवर न्यायच्या दिवशी ती हट्टाने बरोबर निघाली, मागच्या सीटवर बसली. जाताना आईने चालवलं ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. येताना बाबा चालकाच्या जागी बसले, आरसे जुळवले आणि टेकडीच्या चढाला लागले. लेकीने वरचा दांडा घट्ट धरला.

"बाबा, हळू! ट्रक आहे पुढे! आई, तू सांग ना यांना!"

बाईंनी शेजारी पट्टा नीट केला, सुईच्या जागेवरची पट्टी बघितली.

"मागे बसणाऱ्यांनी बोलायचं नसतं," त्या म्हणाल्या. "चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होतं."

चष्मेवाल्यांनी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, आणि पुढचा रस्ता मोकळा दिसताच ट्रकला मागे टाकलं.